उरलेलं पाणी

ड्यूवर मावशीने पिसांची टोपी पुढे केली आणि एव्हर्टने मुकाट्याने मान खाली घातली. मावशी बुटकी, म्हणून तिने पायाखाली घ्यायला स्टूल ओढून ठेवलं होतं; त्याची गरजच पडली नाही. टोपी कानांवर घट्ट बसली. एक लाल पीस त्याच्या भुवईवर लोंबायला लागलं. ते त्याने बाजूला केलं नाही.

"बघा, कसा गुणी बाळासारखा घालून घेतो!" शेजारची ट्राइन म्हणाली. "आमच्या ह्यांनी पहिल्या खेपेला मावशीला अख्ख्या अंगणात पळवलं होतं."

"अंगणात कसलं, पार बांधापर्यंत," मावशी म्हणाली. "माझा एक लाकडी जोडा अजून तिथल्या चिखलात असेल."

बायका हसल्या. एव्हर्टच्या हातात दालचिनीची काडी दिली होती, ती घेऊन तो चुलीपाशी उभा होता. कांडील, म्हणजे बारशाआधीचं ते गरम पेय, ढवळ म्हटल्यावर तो ढवळायला लागला. गरम वाइनचा, अंड्यांचा आणि साखरेचा वास खोलीभर पसरला. मूल झालं की बापाने ही टोपी चढवायची, आल्यागेल्या बायकांना आपल्या हाताने कांडील पाजायचं, आणि टोपी डोक्यावर असेपर्यंत बायकांनी त्याला हवं ते बोलून घ्यायचं, अशी बेटावरची रीत. पण ती आठ-दहा दिवसांच्या आत होते. या बाळाला तीन आठवडे होऊन गेले होते. एवढे दिवस बाप समोरच्याच खाडीत, जहाजावर. डोलकाठ्या दिसतील इतका जवळ आणि येता येणार नाही इतका लांब.

एव्हर्टची बायको लैस्बेट पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिथून तिला दोन गोष्टी दिसत होत्या. मांडीवरच्या मुलीची छाती, आणि खिडकीतून, बांधापलीकडे, बंदरातला खुंट. ती एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. मुलीचा श्वास नीट दिसला नाही की नाकाखाली बोट धरायची. खुंटाला मात्र बोट लावता येत नव्हतं. त्याच्यावर हिरव्या शेवाळाचा पट्टा होता. पट्टा पाण्याखाली असला की बाबांची होडी तरंगते. तो उघडा पडला की थोड्याच वेळात होडी चिखलावर बसते, आणि मग पुढच्या भरतीपर्यंत बेटावरून कुणी कुठे जात नाही.

पट्ट्याची वरची कड दिसायला लागली होती.

"काय घाई आहे," दारातून मार्टन म्हणाले. कुणी घाईबद्दल काही बोललं नव्हतं. "पाणी भरपूर आहे."

मार्टन म्हणजे तिचे वडील. सकाळच्या भरतीवर त्यांनीच एव्हर्टला जहाजावरून आणलं होतं, आणि परत नेऊन सोडायचं तेही त्यांनीच. हद्दपार राजपुत्राला परत आणायला इंग्रज आले होते, आणि सरकारी आरमार त्यांना शरण गेलं होतं. मूल बघायला म्हणून इंग्रज कॅप्टनने त्याला सोडलं होतं, संध्याकाळच्या आत परत येईन असा शब्द घेऊन. वारा फिरला की शरण आलेली सगळी जहाजं इंग्लंडला न्यायची होती, अधिकाऱ्यांसकट. तिथल्या कैदेतून माणसं कधी सुटतात, सुटतात की नाही, हे बेटावर कुणालाच सांगता येत नव्हतं.

सकाळी जळणाच्या ढिगामागे मार्टन लैस्बेटला म्हणाले होते, "तू काही बोलायचं नाहीस. त्यानेही काही करायचं नाही. बायका येतील, कांडील होईल, गप्पा होतील. पाणी आपलं आपण जाईल. होडी चिखलात बसली, तर त्याने शब्द मोडला असं होतं का? नाही होत. समुद्राला कुणी जाब विचारत नाही."

"आणि ते शोधायला आले तर?"

"एका लेफ्टनंटसाठी? त्यांना अख्खं आरमार मिळालंय फुकटात."

मार्टनच्या पंथात शस्त्र धरत नाहीत आणि शपथही घेत नाहीत. शपथेची गरज नसते, कारण साधं 'हो' म्हटलं तरी ते मरेपर्यंत बांधलेलं. मुलीने तोफांवरच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं तेव्हा वर्षभर ते तिच्या घरी जेवले नव्हते. तोच माणूस शब्द न मोडता शब्द चुकवायची वाट शोधून आला होता. तिच्यासाठी. लैस्बेटने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि हो म्हटलं होतं.

मग ती एव्हर्टकडे गेली होती. इतक्या रात्री जागून काय काय बोलायचं ठरवलं होतं! मुलीचं बोलायचं, रडायचं, वेळ पडली तर पाय धरायचे.

"राहशील?" तिने विचारलं.

"बरं," तो म्हणाला.

"पण तू शब्द दिलायस."

"तू म्हणशील तसं."

एवढंच. ठरवलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. तो राहणार होता, आणि तिला त्याचा आनंद होत नव्हता.

"अंगावर एक ओरखडा नाही ग बाई!" ट्राइन एव्हर्टभोवती एक चक्कर मारून आली. गेल्या महिन्यापर्यंत तिच्या टोपीला सरकारी फीत असायची, आता राजपुत्राची नारिंगी होती. "लढाईवरून असा नवरा परत आलेला मी तरी पाहिला नाही. धुवून, घडी घालून पाठवलाय."

"लढाई झाली कुठे?" मावशी म्हणाली.

"तेच तर! आमच्या पीटरला मात्र लागलं हं." पीटर तिचा भाऊ, एव्हर्टच्याच जहाजावरचा खलाशी. "लढायचं नाही म्हणून तोफेचे गोळे समुद्रात फेकत होते ना सगळे, त्यातला एक सुटला हातातून. अंगठा चेचला. अख्ख्या आरमारात तेवढाच एक जखमी, आणि तो आमच्या घरचा!"

यावर मार्टनसुद्धा पाइप तोंडातून काढून हसले.

"अरे, तू पण हस की!" ट्राइनने एव्हर्टला म्हटलं.

तो हसला. मग ओठ पुन्हा होते तिथे गेले.

आरमार शरण गेलं त्या दिवशी लैस्बेट बांधावर होती. समुद्रगवताचा तो उंच काळा बांध बायकांनी भरून गेला होता. समोर दोन्ही आरमारं, इतकी जवळ की एका जहाजावर कुणी खोकलं तर दुसऱ्यावर ऐकू जाईल असं वाटावं. तिने मुलीचे कान दोन्ही तळव्यांनी झाकून धरले होते. तोफ आत्ता उडेल, आत्ता उडेल. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, तरी तिने हात काढले नाहीत. तोफ उडालीच नाही. जहाजांवरची सरकारी निशाणं हळूहळू खाली आली आणि राजपुत्राची नारिंगी वर गेली, आणि बांधावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लैस्बेटने मुलीच्या कानांवरचे हात काढले. कानांभोवती तिच्या बोटांचे पांढरे ठसे उठले होते. जिवंत आहे, तिला वाटलं होतं. जिवंत आहे म्हणजे झालं.

"नाव काय ठेवणार रे लेकीचं?" मावशीने विचारलं. "बापाने आधी उच्चारायचं असतं."

"लैस्बेट सांगेल ते."

"अग बाई, एवढा ऐकणारा नवरा!" ट्राइन म्हणाली. "काय खायला घालतेस ग?"

लैस्बेटने बडीशेपेच्या साखरगोळ्या पेरलेल्या बिस्किटांची थाळी तिच्याकडे सरकवली. खिडकीबाहेर शेवाळाचा पट्टा बोटभर उघडा पडला होता.

ड्यूवर मावशीने रिकामा कप पुढे केला आणि आवाज उतरवला. "पण खरंच रे, खरंच कुणी काही केलं नाही?"

टोपी डोक्यावर असताना थट्टा चालते, असलं विचारायचं नसतं. ट्राइनने मावशीला कोपराने ढोसलं. पण एव्हर्टने कप भरला, सांडू न देता तिच्या हातात दिला आणि उत्तर दिलं, जसं तो सकाळपासून प्रत्येक गोष्टीचं देत होता.

"मी खाली तोफांपाशी होतो. वरून हुकूम आला, तयारी करा. मी म्हणालो, गोळे आणा. ते आणायला लागले. रांग लावून. मला वाटलं, आणताहेत." त्याने काडी भांड्याच्या काठावर टेकवली. "मग बघितलं तर तोफेपाशी कुणी थांबतच नव्हतं. गोळा झरोक्यातून बाहेर, की पुढचा. शांतपणे. कुणी मला धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. मी झरोक्याच्या तोंडाशी उभा होतो. त्यांच्या वाटेत येत होतो. म्हणून बाजूला झालो."

चुलीतलं जळण खचलं आणि थोडी राख उडाली.

"एक जण 'आभारी आहे, साहेब' म्हणाला," एव्हर्टने सांगितलं.

ट्राइन फिसकन हसली. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर तिने बिस्किट उचललं.

"चांगलं केलंस," मार्टन दारातून म्हणाले. "बाजूला होणं सगळ्यांना जमत नाही, जावईबापू."

'जावईबापू' हा शब्द ते नेहमी चिमटा काढायला वापरायचे. आज त्यात माया होती. ती ऐकून लैस्बेटने त्यांच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग ट्राइनकडे. मावशी आणखी एक भांडं चढवायचं म्हणून अंडी फोडायला बसली होती. ट्राइनने पायातले जोडे काढून मांडी घातली होती, आता संध्याकाळपर्यंत उठायचं नाही अशी. यांच्यातल्या कुणाकुणाला बाबांनी सांगितलं होतं? विचारायची सोय नव्हती. पण एवढ्या वेळात खिडकीकडे कुणी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं. या बेटावर बायका पीठ मळतानासुद्धा मान वळवून पाणी बघतात.

"घे जरा हिला," ती एव्हर्टला म्हणाली.

"थांब, ते पीस डोळ्यात जाईल पोरीच्या," म्हणत मावशीने हात पुसले आणि त्याची टोपी काढून खुंटीला लावली. त्याने मान पुन्हा तशीच खाली घातली. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

लैस्बेटने मुलीला त्याच्या डाव्या हातावर ठेवलं, मानेखाली त्याचा पंजा नीट बसवला आणि आपले हात काढून घेतले. तो उभा राहिला. मुलगी त्याच्याकडे बघत होती, डोळे अजून कुठे ठरत नव्हते तिचे. मग ती आळोखेपिळोखे देत वळली आणि तिचं डोकं पंज्यावरून घसरलं. कोपराच्या कडेवरून मागे लोंबायला लागलं. गळा ताणला गेला, तोंड उघडं पडलं.

एव्हर्टचा दुसरा हात रिकामा होता. तो मांडीपाशी होता तसाच राहिला. त्याने मुलीकडे पाहिलं, आणि मग लैस्बेटकडे पाहिलं. काय करायचं ते ती सांगेल म्हणून तो थांबला होता.

तिने झडप घालून मुलीला उचललं. मुलगी आता कुठे रडायला लागली. लैस्बेट तिला छातीशी धरून डोलत राहिली, मानेखाली हात फिरवत, पुन्हा पुन्हा, तिथे काही मोडलंय का ते बघावं तसं. एव्हर्टचा डावा हात अजून कोपरात वाकलेलाच होता.

"खाली घे हात," ती हळूच म्हणाली.

त्याने घेतला.

मग तिने मुलीला ड्यूवर मावशीच्या मांडीवर ठेवलं. "मी आलेच."

"कुठे? ओली बाळंतीण तू, वारा बघ कसा—"

"आलेच म्हटलं ना."

मागच्या दाराने ती बाहेर पडली. एव्हर्टला ती काहीच म्हणाली नाही. बांध चढताना तिला दम लागला. पलीकडे उतरली तेव्हा पायाखाली चिखल होता, मऊ आणि थंड, घोट्यापर्यंत. होडीचं मागचं टोक बसलं होतं, पुढचं अजून पाण्यात हलत होतं. तिने दोर सोडला, कडेला खांदा लावला आणि ढकललं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला तळाखालून चोखल्यासारखा आवाज आला.

"लैस्बेट." मार्टन बांधावरून उतरले होते. पाइप विझला होता. "काय चाललंय हे?"

"पाणी आहे अजून."

"गेल्यात जमा आहे. आणखी थोडा वेळ, बस. तुझा नवरा तुझ्या घरात राहील."

"कोण राहील, बाबा?"

तिने पुन्हा ढकललं. होडी हातभर सरकली.

"अग, तिकडे कोठडीत मरेल तो. ताप येऊन, उपाशी. तुला काय, शूरवीर पाहिजे घरात? तूच बांधावर उभी राहून रडत होतीस ना, एक तोफ उडू नये म्हणून?"

"होते."

"मग? मी काय वाईट करतोय? कुणी शब्द मोडत नाहीये."

"त्याला मोडायचा असला तर मोडू दे," ती म्हणाली. "त्याने मोडावा. समुद्राने नको."

तिच्या अंगावरच्या कपड्याला पुढून दुधाचे दोन डाग आले होते. ते मार्टनना दिसले आणि त्यांनी नजर वळवली. ते होडीला हात लावायला आले नाहीत, तिला धरायलाही आले नाहीत. चिखलात एका जागी उभे राहिले.

होडी तरंगली. पण कडेला ठेवली तर ती पुन्हा बसणार, म्हणून लैस्बेट दोर धरून तिच्याबरोबर आत चालत गेली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. स्कर्ट फुगून वर आला, मग भिजून जड झाला आणि पायांना गुंडाळला. ओहोटी होडीला समुद्राकडे ओढत होती. तिने दोर मनगटाला दोन वेढे देऊन घेतला. लांब खाडीत जहाजं उभी होती, नारिंगी निशाणं घेऊन, आणि तिथून हातोड्याचा बारीक आवाज येत होता. कुणी काही दुरुस्त करत असावं.

घरातून मुलीचं रडणं ऐकू येत होतं. त्या आवाजाने तिच्या छातीत कळ येत होती. मावशी गप्प करेल. साखरेची पुरचुंडी देईल तोंडात. पुरचुंडी फार आत गेली तर? तिने घराकडे जायला पाऊल उचललं आणि परत ठेवलं. ती गेली की होडी जाणार.

"एव्हर्टला बोलावू?" मार्टननी विचारलं.

"नको."

"सांगायला तरी हवं त्याला."

"नको, बाबा."

रडणं थांबलं. बांधावर आधी ट्राइन दिसली, कमरेवर हात ठेवून. तिने तोंड उघडलं आणि मार्टनकडे बघून मिटलं. तिच्या मागून एव्हर्ट आला. तो बांधाच्या माथ्यावर उभा राहिला. त्याने खुंटाकडे पाहिलं, शेवाळाचा पट्टा आता हातभर उघडा होता. त्याने जहाजांकडे पाहिलं. मग पाण्यात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे. तिने हाक मारली नाही, खूण केली नाही. दोराने मनगट कापत होतं. तिने हात बदलला.

ट्राइन कंटाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"लैस्बेट!" मग त्याने ओरडून विचारलं. "पाणी किती आहे तिथे?"

सकाळपासून त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. बाळाचं वजन नाही, बाळंतपण कसं झालं ते नाही, काहीच नाही.

नाही उरलं, असं सांगता आलं असतं. मार्टन तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या ओठांची किंचित हालचाल झाली, जशी लहानपणी तिला पाठ केलेलं आठवत नसलं की व्हायची.

"कमरेएवढं," ती म्हणाली.

एव्हर्ट बांध उतरला. तो होडीसाठी येत होता की तिला ओढून घरी न्यायला, हे तिला तिथून कळेना. चिखलाच्या कडेला एका दगडावर तो बसला आणि उजव्या पायाचा बूट काढायला लागला. बूट पायाला घट्ट बसला होता, निघेना. मार्टन पुढे झाले, वाकले आणि त्यांनी टाचेला हात घातला.

एव्हर्टने तो हात बाजूला केला.